हात गेला तरी चालेल, जीभ ठेवा

कुमुदला राग आला की ती ओरडत नसे, चुका काढत असे. स्वतःच्या लग्नपत्रिकेतल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका तिने मांडवात बसल्या बसल्या नवऱ्याला दाखवल्या होत्या. हे प्रकरण साधं नाही, हे सासरच्यांनी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण जेवणावळीच्या गडबडीत कुणाचं लक्ष गेलं नाही.

तिचे वडील, दिनानाथ प्रधान, पनवेलच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये मराठी टाइपरायटर घेऊन बसत. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सात-बाराची भांडणं, सगळं त्यांच्या बोटांखालून जाई. कुमुद त्यांच्याकडेच शिकली, मिनिटाला चाळीस शब्दांची सरकारी परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली आणि लाइन आळीत एका माडीवर टायपिंगचा क्लास चालवू लागली. पंचायत समितीत आणि तहसीलदार कचेरीत बसलेल्या निम्म्या मुली तिच्या हाताखालून गेलेल्या. “बोटांकडे बघू नका, कागदाकडे बघा,” हे तिचं पालुपद त्या मुली अजून सांगतात.

एकोणनव्वद साली तिचं लग्न गावातल्याच चारुदत्त कर्णिकशी झालं. रसायनीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर, भांग जागच्या जागी, आवाज मऊ, आईच्या शब्दाबाहेर नाही. असा नवरा बायकांना सुरुवातीला फार बरा वाटतो. कुमुदलाही वाटला. तीन वर्षं तक्रारीला जागा नव्हती.

ब्याण्णवच्या संक्रांतीला सासरी हळदीकुंकू होतं. कुमुद वाटीतला तिळगूळ पुढे करत होती आणि तिचा उजवा हात आपला आपणच थरथरायला लागला. पुढचं तिला आठवत नाही. ती पडली, दातखीळ बसली, अंगाला झटके आले. वीस बायका दिवाणखान्यात, एकीने नाकाला चप्पल लावली, दुसरीने कांदा फोडून हुंगवला, तिसरी दारातूनच “फेफरं गं बाई!” म्हणत बाहेर पडली आणि तासाभरात ती बातमी टपाल नाक्यापर्यंत पोचली. चारुदत्तने रिक्षा आणली आणि तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याला पाच-दहा प्रश्न विचारले, उत्तरं कागदावर उतरवून घेतली, गोळ्या सुरू केल्या आणि मुंबईला जाऊन मेंदूचा स्कॅन काढून घ्या म्हणून बजावलं.

सासूबाईंनी मात्र स्कॅनऐवजी कोन गावचा भगत निवडला. घरात फ्रीज होता, रंगीत टीव्ही होता, मुलगा बी.एस्सी. होता, तरी निवडला. भगताने कुमुदच्या कपाळाला अंगारा लावला, तांदळाचे दाणे मांडले आणि निकाल दिला: “इला लगनाच्या आदीच धरलेली हाय. जुनं लागीर हाय, नवं नाय.” कुमुदने तिथल्या तिथे विचारलं, की लग्नाआधी म्हणजे नेमकं कोणत्या साली? भगत म्हणाला, “बगा, तेच बोलतंय तिच्यातून.” सासूबाईंनी मान डोलवली, आणि शिकलेला चारुदत्त हात जोडून बसून राहिला.

दोन महिन्यांनी दुसरा झटका आला. मग “थोडे दिवस आराम पडेल” म्हणून तिला माहेरी आणून सोडलं. थोडे दिवस म्हणजे अकरा महिने झाले आणि कोर्टाची नोटीस आली.

लग्न रद्द करून मागितलं होतं. त्या काळच्या कायद्यात तशी सोय होती: लग्नाच्या वेळी वधू किंवा वराला वेडाचे किंवा फेफऱ्याचे वारंवार झटके येत असतील, तर ते लग्न रद्द होऊ शकत असे. अर्जात शपथेवर लिहिलं होतं की कुमुदला विवाहापूर्वीपासून असे झटके येतात, तिच्या आईवडिलांनी ते लपवले आणि ती वेडी आहे. भगताचं लागीर वकिलाने कायद्याच्या भाषेत बसवलं होतं, एवढंच. दिनानाथांनी अर्ज दोनदा वाचला. कुमुदने लाल पेन घेतलं, अर्जात शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या, आणि बाराव्या वेळी ‘वेडी’ या शब्दापाशी पेन थांबलं. त्या शब्दाचं शुद्धलेखन बरोबर होतं.

त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती. चारुदत्तने भर कोर्टात, स्वतःच्या तोंडाने, हे खोटं आहे असं म्हणावं. बाकी संसार, पोटगी, दागिने, कशाचंही तिला नाव नको होतं. तिने फहमिदा वकिलांना गाठलं. उरण नाक्याजवळ त्यांचं ऑफिस. कुमुदच्याच वयाच्या, जिभेला धार. फहमिदा म्हणाल्या, “अगं, इन्साफ मिळेल, पण सबूत लागतो. तुला आधी झटके येत नव्हते हे दाखवायचं कसं? न झालेल्या गोष्टीचा कागद कुठून आणणार?”

हा पेच सुटायच्या आत, त्र्याण्णवच्या जूनमध्ये, कुमुदच्या डोक्यात काहीतरी फुटलं. असं दुखणं तिने जन्मात अनुभवलं नव्हतं. उलटी झाली, उजवा हात बधिर पडला, आणि दिनानाथांनी मिळेल त्या टॅक्सीने तिला मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं. स्कॅन झाला, मेंदूत आत रक्तस्राव झालेला होता. मांडीच्या धमनीतून बारीक नळी वर सरकवून, तिच्यातून औषध सोडून डोक्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो घेतले. औषध सुटताना चेहऱ्याच्या आत कुणीतरी कढत पाणी ओतल्यासारखं झालं. ती ओरडली नाही. मनात चारुदत्तचा अर्ज पहिल्या ओळीपासून म्हणत राहिली, तो आता तिला पाठ होता.

सर्जन होते डॉक्टर उदयसिंह घाटगे. उंच, कमी बोलणारे, पण विचारलं की नीट सांगणारे. त्यांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि बोट ठेवलं. “धमनीतलं रक्त जोरात येतं. ते बारीक बारीक वाहिन्यांतून मुरत, जोर कमी होत शिरेत जायला हवं. तुमच्या इथे त्या बारीक वाहिन्या तयारच झाल्या नाहीत. धमन्या थेट शिरांना जाऊन मिळाल्यात आणि मध्ये हा गुंता झालाय. शिरेला तो जोर सोसत नाही. म्हणून झटके, म्हणून रक्तस्राव.”

“म्हणजे वेड नाही?” कुमुदने विचारलं.

“वेडाचा काय संबंध?” घाटगे म्हणाले.

“हे लिहून द्याल?”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. असे प्रश्न त्यांना रोज येत नसावेत. मग त्यांनी पुढचं सांगितलं. गुंता डावीकडे, खूप आत. वरवर असता तर सोपं होतं. इथवर पोचायला मेंदूच्या दोन अर्धांच्या मधल्या फटीतून खाली जावं लागेल, मायक्रोस्कोपखाली तासन् तास काम. न काढावा तर पुन्हा फुटेल, आणि दर खेपेला जीव वाचेलच असं नाही. काढायला जावं तर शेजारीच उजव्या हातापायाच्या आणि बोलण्याच्या वाटा आहेत.

“काढताना क्रम पाळावा लागतो,” ते म्हणाले. “आत रक्त आणणाऱ्या धमन्या आधी, एकेक करून बंद. बाहेर नेणारी शीर सगळ्यात शेवटी. ती आधी बंद केली, तर सगळा गुंता तुंबून फुटतो.”

हा क्रम कुमुदला फार आवडला. चारुदत्तचंही असंच करायचं, तिने ठरवलं. आधी त्याच्या सगळ्या वाटा बंद, आणि बाहेर जायची सगळ्यात शेवटी.

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करायच्या आदल्या दिवशी तिने घाटग्यांना म्हटलं, “डॉक्टर, हात गेला तरी चालेल, जीभ ठेवा.”

दिनानाथ शेजारी उभे होते. मुलीचा हात म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी तोंड फिरवलं. घाटगे म्हणाले, “असं वाटून घेता येत नाही, बाई. मी दोन्ही ठेवायचा प्रयत्न करीन. पण जीभच का?”

“एका माणसाला कोर्टात एक प्रश्न विचारायचाय.”

घाटगे हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि तिची जुनी कागदपत्रं चाळू लागले. दिनानाथांनी पिशवीत भरून आणलेलं सगळं त्यांनी एकदा नजरेखालून घातलं. त्यात गोळ्यांबरोबर माहेरी आलेला, पनवेलच्या दवाखान्याचा तो संक्रांतीचा कागद होता. डॉक्टरी अक्षर, तेही इंग्रजी. प्रधानांच्या घरात कुणाला त्यातलं एक अक्षर लागलं नव्हतं. घाटगे सवयीने मोठ्याने वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले, “पहिलाच झटका. याआधी असा त्रास कधीही नाही. माहिती देणारा, पती. खाली सही, सी. के. कर्णिक.”

कुमुद खाटेवर उठून बसली. नर्सने दामटून निजवलं तरी पुन्हा उठली. त्या दिवशी चारुदत्त घाबरलेला होता, आणि घाबरला की तो खरं बोलत असे. त्याने स्वतःच सांगितलं होतं, स्वतःच सही केली होती आणि साफ विसरून गेला होता. न झालेल्या गोष्टीचा कागद मिळाला होता. तिने वडिलांना सांगितलं, याच्या तीन झेरॉक्स काढा, एक फहमिदाताईंकडे द्या, आणि कुणाकडे ब्र काढू नका. आता मरायला तिला अजिबात वेळ नव्हता.

ऑपरेशन साडेनऊ तास चाललं. गुंता सगळा निघाला. पुन्हा काढलेल्या फोटोत त्याचा मागमूस नव्हता. घाटगे बाहेर येऊन दिनानाथांना म्हणाले, जीव वाचला, बाकीचं तिच्या जागं होण्यावर. ती जागी झाली तेव्हा उजवा हात पांघरुणावर नुसता पडून होता. आणि तोंड उघडलं, तर शब्द नाही. डोक्यात सगळं लख्ख, पण जिभेवर काही येईना. तिला इतका संताप आला की डाव्या हाताने तिने पाण्याचा पेला भिरकावला. घाटगे म्हणाले, सूज आहे, थांबा, येईल. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते सहसा कुणाला देत नसत तो शब्द देऊन बसले: “बोलाल तुम्ही.”

सोळाव्या दिवशी पहिला शब्द आला. तो होता, “चारुदत्त.”

वॉर्डातल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याचं नाव बायको उखाण्याशिवाय घेत नाही, आणि ही मरणाच्या दारातून आली ती त्याचंच नाव घेत! एक म्हातारी म्हणाली, “कसं सतीचं प्रेम बघा.” एका नर्सने कळवळून पनवेलला त्याला पत्र टाकलं, की बायको सारखी तुमची आठवण काढते, येऊन जा. चारुदत्तने ते वाचलं आणि निश्चिंत झाला. बाई अजून जीव लावून आहे, बोलता धड येत नाही, म्हणजे कोर्टात काय उभी राहणार? त्याने वकिलाला तारीख लवकर मागायला सांगितली.

तारखा काही कुणाच्या मागण्याने मिळत नाहीत. मधल्या दीड वर्षात कुमुद चालायला शिकली, डाव्या हाताने जेवायला आणि लिहायला शिकली, आणि बोलायला शिकली. दिनानाथ रोज सकाळी समोर बसत. ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा म्हणे. आधी तीन शब्द, मग अडकायचं. मग पाच. कधी मधलाच शब्द हरवे आणि ती स्वतःच्या मांडीवर चापट मारून घेई. “राहू दे गं पोरी, फहमिदाताई विचारतील,” दिनानाथ म्हणत. ती मान हलवे. प्रश्न तिचा होता.

पंच्याण्णवच्या मार्चमध्ये सुनावणी लागली. घाटग्यांच्या दाखल्यात गुंता ‘जन्मजात’ असल्याचं लिहिलं होतं, त्याची फहमिदांना धास्ती होती. “हाच लफ्ज आपल्या गळ्यात येणार,” त्या म्हणाल्या. तो आलाच. चारुदत्तच्या वकिलाने दाखला हवेत नाचवला: जन्मापासून रोग, मग लग्नाआधीपासून नाही तर काय!

मग सासूबाईंची साक्ष झाली. फहमिदांनी गोड आवाजात विचारलं, “लग्नाआधी झटके येत होते, हे तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“नाही.”

“माहेरच्यांनी सांगितलं?”

“ते कशाला सांगतील?”

“मग कळलं कसं?”

सासूबाई ठसक्यात म्हणाल्या, “कोनच्या भगताने सांगितलं. त्याचा शब्द कधी खोटा होत नाही.” कोर्टात हशा पिकला. जज्जसाहेबांनी हसू लपवायला चष्मा पुसला. कुमुदने मनात एक धमनी बंद केली.

चारुदत्त पिंजऱ्यात आला. फहमिदांनी त्याला बारीकसारीक विचारून घेतलं, संक्रांतीचा दिवस, रिक्षा, दवाखाना, सही. तो सगळ्याला हो म्हणत गेला. मग फहमिदा म्हणाल्या, एक प्रश्न माझ्या पक्षकार स्वतः विचारू इच्छितात. त्याचा वकील उसळून उभा राहिला: हे कामकाजात बसत नाही, आणि बाई भानावर नसते, हीच तर आमची केस आहे. जज्जसाहेब म्हणाले, “मग विचारू द्या की. नसेल भानावर, तर आत्ताच कळेल.” वकिलाला खाली बसण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

कुमुद उभी राहिली. उजवा हात तिने डाव्याने धरला होता. एकेक शब्द जिन्याची पायरी चढावी तसा आला. “त्या दिवशी. डॉक्टरांनी. विचारलं. हे आधी. कधी. झालं होतं का. तुम्ही. काय. सांगितलंत?”

तिचं ते अडखळणं ऐकून चारुदत्तला धीर आला. त्याने भांगावरून हात फिरवला. “मी सांगितलं, आधीपासून आहे. लग्नाच्या आधीपासून.”

फहमिदांनी कागद पुढे केला. जज्जसाहेबांनी वाचला आणि चारुदत्तच्या हातात दिला. “ही सही तुमची?”

“हो.”

“वाचा. मराठीत सांगा.”

“पहिलाच झटका,” चारुदत्त म्हणाला. मऊ आवाज आणखी मऊ झाला होता. “याआधी असा त्रास कधीही नाही.”

“मग शपथेवर लिहिलंत ते?”

“खोटं,” तो म्हणाला.

निकालात जज्जसाहेबांनी लिहिलं की गुंता जन्मापासून असेल, पण कायदा झटक्यांबद्दल विचारतो. ते लग्नानंतरचे आहेत आणि वेडाचा तर पुरावाच नाही. अर्ज फेटाळला. सूड उगवला की माणसाला आतून रितं रितं वाटतं, असं सांगणारे लोक भेटतात. त्यांना चांगला सूड मिळालेला नसावा. कुमुदला आनंद झाला, भरपूर झाला. तिने वडिलांना तळ्याकाठी नेऊन उसाचा रस पाजला आणि स्वतः दोन ग्लास प्यायली.

हात मात्र परत आला नाही. दिनानाथ थकल्यावर शेडमधल्या जागेवर ती बसू लागली. डाव्या हाताने टाइप करी, एका ओळीला पूर्वीच्या पानाचा वेळ लागे. तातडीचं काम शेजारी बसणारी तिची जुनी विद्यार्थिनी वेणू करून देई. तरी लोक कुमुदकडेच येत, कारण तिच्या नजरेखालून गेलेला अर्ज कोर्टातून परत येत नसे. नोंदवहीत प्रत्येक कागदापुढे ती डाव्या हाताने सही करी, घोटीव, वळणदार.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात चारुदत्त शेडमध्ये आला. त्याला पुण्याचं स्थळ आलं होतं. परस्परसंमतीने घटस्फोट हवा होता. डोक्यावरचे केस विरळ झाले होते. “झालं गेलं, कुमुद,” तो म्हणाला. “तूही मोकळी होशील. वकील अर्ज टाइप करून आणतील, तू फक्त—”

“अर्ज मी करणार,” कुमुद म्हणाली. “नाहीतर नाही. बसा.”

तो स्टुलावर बसला. वेणू म्हणाली, “ताई, मी दहा मिनिटांत काढून देते.” कुमुदने नुसतं पाहिलं, वेणू आपल्या मशीनकडे वळली. कुमुदने तीन कागद आणि दोन कार्बन मशीनमध्ये चढवले. साडेअकरा वाजले होते. डाव्या हाताचं एक बोट, एकेक अक्षर. वर पत्रा तापलेला. येणारे जाणारे, पक्षकार, शिपाई, पट्टेवाले, सगळे कर्णिकांना ओळखत होते. कोण कशाला बसलंय, हे दुपारपर्यंत सगळ्या आवाराला कळलं.

दोन वाजता तो वाकून वाचू लागला. “अर्जदार क्रमांक एक यांनी अर्जदार क्रमांक दोन ही वेडी असल्याचे शपथेवर खोटे सांगितले होते,” असं त्यात होतं. “हे कशाला?” तो म्हणाला.

“शुद्धलेखनाची चूक आहे का?”

“नाही, पण—”

“मग बसा.”

तीन वाजता शेवटून तिसऱ्या ओळीत एक वेलांटी चुकली. कुमुदने तिन्ही कागद ओढून काढले, चुरगाळले आणि नवे चढवले. “अगं, खाडाखोड चालते कोर्टात,” तो काकुळतीला आला. “माझ्या कागदावर नसते,” ती म्हणाली आणि पहिल्या ओळीपासून सुरू झाली.

पावणेसातला अर्ज पुरा झाला. ती म्हणाली, वाचा, मोठ्याने. त्याने वाचला. वेणूने हातातलं काम थांबवून ऐकला. त्याने तिन्ही प्रतींवर सह्या केल्या, घाम पुसला आणि पेन तिच्यापुढे धरलं.

कुमुदने प्रती गोळा केल्या, खणात ठेवल्या, कुलूप लावलं.

“तुझी सही?”

“डाव्या हाताची सही अजून बसली नाही नीट,” ती म्हणाली. “कोर्टाचा कागद आहे. वाकडी झाली तर परत यायचा.”

“मग कधी?”

“शिकतेय. पुढच्या महिन्यात येऊन बघून जा.”

पुढच्या महिन्यात, पहिल्या सोमवारी, तो आला. कुमुदने त्याला स्टूल दिलं.